श्रवण कुणाचं?

अक्काचा प्रश्न जसा कानावर आला तसाच आधी मांडतो. "बाळू, ते यंत्र कोनाड्यात बसून हरिपाठ म्हणत राहील आणि मी इकडे मेथी निवडत बसेन. मग नाम घेतलं कुणी? त्यानं की मी?"

माझी ही थोरली बहीण कुरुंदवाडला राहते. माळकरी आहे. काचबिंदूनं नजर फार अधू झाल्यामुळे पोथी वाचता येत नाही, रात्रीच्या भजनालाही जाता येत नाही. म्हणून हातात मावेल असं गाणी वाजवायचं यंत्र तिला घेऊन द्यायचं ठरलं. मिरजेत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात माझी हयात गेली, त्यामुळे निवडीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बॅटरी किती चालावी, बटणं कशी असावीत, कार्ड केवढं लागेल, हे मी सांगू शकत होतो. पण अक्काच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय कोणतं यंत्र घ्यावं हेही नीट ठरत नाही, असं मला वाटतं. ऐकणं म्हणजे काय हे ज्याचं त्यानं एकदा ठरवलं की यंत्र निवडणं सोपं होतं.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद बापाला भक्तीचे नऊ प्रकार सांगतो आणि त्यात श्रवण पहिलं ठेवतो. ते सांगायचा त्याला अधिकार होता. त्याच स्कंधात पुढे तो सवंगड्यांना सांगतो, की नारदांनी आईला केलेला उपदेश मी तिच्या पोटात असताना ऐकला. काळ लोटला तसा आईला त्याचा विसर पडला, प्रल्हादाच्या मात्र तो कायमचा लक्षात राहिला. बोलणारे नारद तेच, शब्द तेच, घटका तीच. एकाच्या ठायी ते रुजलं, दुसऱ्याच्या ठायी विरून गेलं. म्हणजे आवाज झाला की श्रवण झालं, असं भागवत मानत नाही. ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी घडावं लागतं.

समर्थ एक पाऊल पुढे जातात. दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिला समास श्रवणभक्तीचा. काय काय ऐकावं याची भलीमोठी यादी ते देतात आणि शेवटी सांगतात, की हे सगळं ऐकावं, पण त्यातलं सार शोधून घ्यावं आणि असार ओळखून टाकावं. याचंच नाव श्रवणभक्ती. मला हे फार मोलाचं वाटतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हा विचार त्यांनी भक्तीच्या बाहेर ठेवलेला नाही, तो भक्तीचाच भाग मानला आहे.

आता यंत्रांकडे येऊ. भिंतीच्या प्लगात खोचायची मंत्राची डबी अनेक घरांत असते. दुकानात अशा डब्या दुरुस्तीला येत. उघडलं की आत बोटभर हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या डिंकाचा गोल ठिपका आणि त्या ठिपक्याखाली चिप. चिपमध्ये मंत्राचा एवढासा तुकडा भरलेला असतो आणि तोच फिरून फिरून वाजतो. तुकड्याचा शेवट आणि सुरुवात जिथं जुळतात तिथं बारीकसा "टक्" असा आवाज येतो. मी तो गिऱ्हाइकाला मुद्दाम ऐकवायचो. रोज ज्यांच्या घरात ती डबी वाजायची, त्यांना तो कधी ऐकूच आलेला नसे. मंत्रही त्यांच्या कानाआड गेला असणार, असं मला तेव्हाही वाटे.

देवळांतही आरतीला मोटरवर फिरणारे नगारा आणि घंटा आले आहेत. बटण दाबलं की चार माणसांचं काम होतं. माणसं मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. तिबेटी बौद्धांची मणिचक्रं हातानं फिरतात, काही ओढ्याच्या पाण्यावरही फिरतात. चिनी घरांत अमिताभ बुद्धाचं नाव सतत वाजवणारी छोटी यंत्रं असतात. त्या परंपरांचा विचार वेगळा आहे. असा फिरणारा-वाजणारा मंत्र सगळ्या जीवांच्या कल्याणासाठी पसरतो अशी त्यांची श्रद्धा आहे आणि तिला माझा नमस्कार आहे. पण आम्हा वारकऱ्यांकडे अखंडपणाची रीत दुसरी आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. रात्री दोनलाही मंडपात कुणीतरी गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. नामाचा आवाज चालू राहावा एवढाच हेतू असता तर वीणा खुंटीला टांगून टेप लावली असती. तिथं माणूस जागा असणं महत्त्वाचं आहे.

यावर अजामिळाचं उदाहरण कुणी देईल, आणि ते देणं योग्यच आहे. मरताना त्यानं मुलाला "नारायणा" म्हणून हाक मारली आणि तेवढ्यानं तरला. मनात देव नव्हता, तरी नामानं काम केलं. मग यंत्रातल्या नामानं का करू नये? मला दिसतं ते असं. अजामिळ देवाला हाक मारत नसला तरी हाक मारत होता. जीव कळवळला होता, कुणीतरी जवळ यावं म्हणून आवाज निघाला होता. चिपला कुणी जवळ यायला नको असतं. नामाची शक्ती मोठी आहे हे मी मानतोच, पण त्या कथेत नाम एका घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं आहे, हे विसरून चालणार नाही.

सार-असाराची गोष्ट तर यंत्राच्या पोटातच आहे. एमपी३ ही पद्धत जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. त्या फायलींना एमपी३ हे शेपूट 1995 साली लागलं. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, या गोष्टीवर ती उभी आहे. जे ऐकू येणार नाही असं गणित सांगतं, ते टाकून द्यायचं. सीडीवर एका सेकंदाच्या संगीताला सुमारे 1411 किलोबिट लागतात, 128 च्या एमपी३मध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. विद्या मोठी आहे, तिच्यामुळे ढीगभर संगीत गोरगरिबांच्या खिशात आलं. पण हरिपाठाची फाइल आणखी कमी किलोबिटांत दाबली की पहिला बळी टाळांचा जातो. ठोक्याची कड बोथट होते, ठोका पडायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते आणि मागचा नाद पाण्यासारखा खळखळतो. जन्मभर टाळ वाजवलेल्या अक्काला ते लगेच कळलं. "हे टाळ नव्हेत रे," ती म्हणाली. गणितानं जे असार ठरवलं, ते तिच्यासाठी सार होतं. म्हणून तिच्या सगळ्या फायली मी 320 च्या घेतल्या. जागा जास्त लागते, तासाला सुमारे 144 एमबी. पण 32 जीबीच्या कार्डात तरीही दोनशे तासांहून जास्त गाणं बसतं.

दोनशे तास कशाला हवेत, हा पुढचा प्रश्न. हजारो गाणी आधीच भरलेली यंत्रं बाजारात आहेत, फोनवर तर सगळं जग आहे आणि एक गाणं संपलं की दुसरं न मागता सुरू होतं. ज्याला आवडतं त्यानं घ्यावं. पण तिथं सार शोधायचं काम आपण दुसऱ्यावर सोपवतो, एवढं ध्यानात असावं. अक्काला मी समोर बसवलं आणि एकेक ऐकवलं. हरिपाठ, काकड्याचे अभंग, भीमसेनांची संतवाणी, कुमारांची निर्गुणी भजनं, असं थोडंच तिनं ठेवलं. एक हरिपाठ तिनं पहिल्या काही ओळींतच थांबवला. "चरण संपायच्या आत पुढचा धरतोय. मनात उतरायला जागाच नाही."

त्या जागेवरच माझा सगळा भर आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी वाट सांगतात. ऐकल्यावर मनात घोळवायला वेळ लागतो, आणि अखंड वाजणारं यंत्र नेमका तोच वेळ खातं. कॅसेटच्या काळात हा वेळ आपोआप मिळे. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू अर्ध्या तासात संपायची, खट् करून बटण वर यायचं आणि कुणीतरी उठून कॅसेट उलटी घालायचा. तेवढ्यात अभंगावर दोन शब्द बोलले जायचे. म्हणून अक्कासाठी मी असं यंत्र शोधलं, जे एक फोल्डर संपला की गप्प होतं आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत गप्पच राहतं. बटणंही उठावाची घेतली, बोटाला कळणारी. तिचं ऐकणं तिच्या बोटानं सुरू व्हावं.

स्पीकर असावा हाही माझा आग्रह होता. सोनीचा पहिला वॉकमन 1979 साली आला तेव्हा त्याला हेडफोनच्या दोन जागा होत्या, कारण एकट्यानंच ऐकत बसणं अकिओ मोरिता यांना बरं वाटलं नव्हतं. आमच्या परंपरेत तर श्रवणाच्या पाठोपाठ कीर्तन येतं. स्पीकरवर हरिपाठ लागला की शेजारची सून उंबऱ्यात टेकते, अक्का ध्रुपद धरते आणि यंत्राच्या आवाजात जिवंत आवाज मिसळतो. कानात बोळे घातल्यावर हे व्हायचं नाही.

अंथरुणाला खिळलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या उशाशी विष्णुसहस्रनाम लावतात. तिथं बटण दाबायला तो असमर्थ असतो. तरी ते मला पोकळ वाटत नाही, कारण ते लावणारं माणूस उशाशी बसलेलं असतं आणि त्याच्यासाठी ऐकत असतं. फक्त यंत्र लावून खोलीचं दार ओढून घेऊ नये.

मेथीचं उत्तर मात्र संतांनी केव्हाच दिलं आहे. जनाबाई दळत होती, सावता महाराज अरणच्या मळ्यात राबत होते. हातातल्या कामानं नाम अडत नाही. मी अक्काला म्हटलं, "यंत्र हरिपाठ म्हणत नाही गं. कुणीतरी जीव ओतून म्हटला, तो ते तुझ्यापर्यंत आणून देतं. म्हणणाऱ्यानं त्याचं नाम घेतलं. तू मेथी निवडताना मन त्याच्याकडे दिलंस तर ते तुझंही झालं, नाही दिलंस तर नुसता आवाज झाला."

भजनासाठी यंत्र घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आता हेच सांगतो. जागा आणि किंमत नंतर बघा. आधी बघा, की हे यंत्र माझ्यासाठी कोणतं काम शिल्लक ठेवतं. निवडायचं, सुरू करायचं, थांबायचं, सोबत म्हणायचं, एवढं माझ्याकडे राहिलं तर साधंसुधं यंत्रही भक्तीच्या उपयोगी पडतं. ते सगळं त्यानंच उचललं तर ते कितीही उत्तम वाजो, श्रवण करायला घरात कुणी उरत नाही.