पट्टा कशाबद्दल मारलास?

थांब. गाडीला किल्ली लावू नकोस, आधी ऐकून घे. बाकीचे जाईपर्यंत मी मुद्दाम गप्प बसले. चारचौघांत बोलले असते तर तुझं अर्धं लक्ष कोण हसतंय ते पाहण्यातच गेलं असतं.

सकाळी मैदानावर काय झालं ते मी पाहिलं. तू चिंगीला मोकळं सोडलंस. ती वडापावच्या गाडीखाली सांडलेला चुरा चाटायला गेली. तू हाका मारायला लागलास. सात हाका मी मोजल्या. आठव्या हाकेला तिनं मान वळवली आणि चुरा तसाच टाकून, कान मागे पाडून, शेपूट हलवत ती तुझ्याकडे धावत आली. आणि तू तिच्या पाठीत पट्टा हाणलास. वर मला म्हणालास, "बाई, ही बिघडलीय. घरी सगळं ऐकते, बाहेर आली की मुद्दाम करते."

पट्टा कशाबद्दल मारलास? गाडीकडे गेली म्हणून, हे तुझ्या मनात. तिला ते कुठून कळणार? गाडीपाशी गेले तेव्हा चुरा मिळाला, धन्याकडे आले तेव्हा मार मिळाला, एवढंच तिच्या पदरात पडलं. पुढच्या खेपेला ती तुझ्यापासून दहा हातांवर उभी राहील, जवळ यायची नाही, आणि तू पुन्हा म्हणशील की कुत्री बिघडली. जे शिकवलंस ते ती चोख शिकली आहे. काय शिकवतोय याचा पत्ता तुला नाही, आणि खापर तिच्या डोक्यावर फोडतोस.

'बस' म्हणतोस तेव्हा काय करतोस ते सांगू? मी तीन आठवडे बघते आहे. तू 'बस' म्हणतोस, ती पटकन बसते. मग तू मागच्या खिशात हात घालतोस. पुडा अडकतो. तो निघेपर्यंत दुसऱ्या हातातल्या फोनवर काहीतरी वाजतं, त्याकडे नजर जाते. मग पुड्याची कुरकुर, त्यातून बिस्किट काढणं, त्याचे दोन तुकडे करणं. तोवर चिंगी उठून तुझ्या गुडघ्याशी आलेली असते आणि तू तिच्या तोंडात तुकडा देतोस. बक्षीस कशाचं मिळालं? बसण्याचं? नाही. उठून जवळ येण्याचं. म्हणून ती बसते आणि लगेच उठते. तुला वाटतं ती चंचल आहे. तू तिला उठायलाच शिकवलंस, दिवसातून दहा वेळा, न चुकता.

जनावराचं बक्षीस ज्या क्षणी पडतं त्या क्षणाला चिकटतं. मधे दोन-चार सेकंद गेले की ते भलत्याच हालचालीला जाऊन चिकटतं. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मान डोलावली होतीस.

आणखी ऐक. गेल्या रविवारी मी तुझ्या हातातून पुडा काढून घेतला आणि तुला नुसतं 'चिंगी, ये' म्हणायला लावलं. तिनं मानही वर केली नाही. मग मी झाडामागे उभी राहून पुडा कुरकुरवला, तशी ती धावत माझ्याकडे आली. 'ये' हा शब्द तिला येतच नाही. तिला प्लास्टिकचा आवाज येतो. दोन खुणा एकदम दिल्या आणि त्यांतली एक ठसठशीत असली की फिकी खूण जनावर शिकतच नाही, हे पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. तुझा शब्द फिका आहे, कारण तो कायम कुरकुरीखाली दबलेला आहे.

पाव्हलॉव्हचं नाव तुला ठाऊक आहे. घंटा आणि लाळ, पाठ्यपुस्तकातली चार ओळींची गोष्ट. त्या माणसाला 1904 साली पचनसंस्थेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं आणि पुढची तीस वर्षं त्यानं कुत्र्यांच्या शिकण्यावर घालवली. त्यातलं तुझ्या कामाचं सांगते. त्याचा एखादा मदतनीस कुत्र्याबरोबर एकटा बसून आठवडेच्या आठवडे नवी सवय लावायचा. खूण दिली की लाळ, अगदी घड्याळासारखी. मग तो मोठ्या उमेदीनं गुरूला बोलवायचा, बघायला या म्हणून. पाव्हलॉव्ह खोलीत पाऊल टाकायचा आणि लाळेचा थेंब नाही. सगळी मेहनत जणू पुसली गेलेली.

तू असतास तर पट्टा काढला असतास. पाव्हलॉव्हनं कुत्र्याकडे नीट पाहिलं. त्याचे कान, डोळे, नाक, सगळं नव्या माणसाकडे वळलेलं होतं. 'हे काय आहे?' असं त्याचं सारं अंग विचारत होतं. पाव्हलॉव्हनं त्या प्रतिक्रियेला तेच नाव दिलं. आणि त्यानं बजावून लिहिलं, की ही प्रतिक्रिया नसती तर जनावराचा जीव सदैव टांगणीला लागला असता. नवा आवाज, नवा वास, नवा माणूस आधी पारखायचा आणि मग बाकीचं, म्हणून तर ते जगतं. शिकलेलं काही वेळ मागे पडतं, विसरलं जात नाही. ज्याला तू 'मुद्दाम करते' म्हणतोस ते हे आहे.

मग त्यानं केलं काय? सेंट पीटर्सबर्गमध्ये वेगळी इमारतच उभारून घेतली. जाडजूड भिंती, भोवती खंदक, कारण रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरासुद्धा कुत्र्यापर्यंत पोचायला नको. प्रयोग करणारा माणूस कुत्र्याच्या खोलीबाहेर बसायचा, कारण त्याचं खोकणं, पापणी हलणंही कुत्र्याला पुरेसं होतं. इतका मोठा शास्त्रज्ञ एका कुत्र्याचं लक्ष राखण्यासाठी खंदक खणतो, आणि तू स्वयंपाकघरात शिकवलेला धडा थेट रविवारच्या मैदानावर मागतोस! तीन क्रिकेटचे डाव, पतंगवाली पोरं, तळणाचा वास. मधल्या पायऱ्या कुठे आहेत? जिना, पार्किंग, सकाळी सहाची रिकामी गल्ली, मग शाळा सुटल्यावरची गल्ली? एक तरी चढलास का?

आणि काय म्हणालास, "आज मुद्दाम उपाशी आणलीय, म्हणजे ऐकेल." कोणी शिकवलं तुला हे? अमेरिकेत आर्कान्सामध्ये केलर आणि मेरियन ब्रेलँड हे जोडपं होतं, मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हाताखाली शिकलेलं. जनावरं शिकवणं हाच त्यांचा धंदा. हजारो जनावरं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांनी 1961 साली आपल्याला अपयश कुठे आलं ते प्रामाणिकपणे छापलं. डुकराला शिकवलं, लाकडी नाणं उचल, गल्ल्यात टाक, मग खाणं मिळेल. काही आठवडे झकास चाललं. पुढे डुक्कर वाटेतच नाणं पाडू लागलं, नाकानं उकरू लागलं, उडवून पुन्हा उकरू लागलं. भूक वाढवली तर उकरणं आणखी वाढलं. रॅकूनचं तेच. दोन नाणी हातात आली की ती टाकायची सोडून एकमेकांवर चोळत बसायचा, खाणं धुतल्यासारखी. खाण्याच्या ओढीनंच शिकवलेलं मोडून काढलं आणि रक्तातलं वर आलं.

चिंगी रस्त्यावर जन्मलेली आहे. जमिनीवर पडलेलं हुंगून, वेचून तिची आई जगली, म्हणून ती जन्मली. तिला तू रिकाम्या पोटी तळणाच्या वासात सोडलंस, आणि खिशातल्या कोरड्या बिस्किटाच्या जोरावर तिला ओढू पाहतोस. बाहेरचं लक्ष वेधणारं जे जे असतं, तेही बक्षीसच असतं रे. ते तुझ्याहून मोठं आणि तुझ्याआधी मिळणारं होतं. तरी ती आठव्या हाकेला आली! तो चुरा सोडून आली! मैदानावरची आजची सगळ्यात अवघड गोष्ट तिनं केली, आणि तिथेच तू तिला मारलंस. मला त्याचा राग आहे. बाकी सगळं शिकवता येईल, पण तो फटका माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

जेवताना ताटाशी येऊन भुंकते, ही तुझी दुसरी तक्रार. आजी देते ना चपातीचा तुकडा? "रोज नाही बाई, कधीतरीच." कधीतरीच, म्हणूनच ती भुंकते! स्किनरनं स्वतः लिहून ठेवलंय. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं, की उंदरांना बक्षीस म्हणून द्यायच्या खाण्याच्या गोळ्या सोमवार सकाळपर्यंत संपतील. उरलेला दिवस गोळ्या वळत बसायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं कळीच्या दर दाबाला गोळी द्यायचं सोडून मिनिटाला एकदाच द्यायला सुरुवात केली. उंदीर कळ दाबतच राहिले. पुढे कळलं, की अशी अधूनमधून बक्षीस मिळणारी सवय दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या सवयीहून चिवट असते. मिळणं बंद झालं तरी ती लवकर मरत नाही. आजी प्रेमानं देते हे मला मान्य, पण आठवड्यातून दोनदा दिलेला तो तुकडा चिंगीला सांगतो की भुंकत राहा, आज नाही तर उद्या. आजीला दुखवू नकोस. तुकडा तिच्याच हातून दे, पण जेवणं आटोपल्यावर, चिंगी तिच्या चटईवर गप्प पडलेली असताना. आणि सुरुवातीला ती जास्तच भुंकेल. त्या चार दिवसांत कोणी पाघळलं तर सगळं पाण्यात.

आता फोन काढ. काढ, माझ्यासमोर बंद कर. उद्यापासून तो गाडीच्या डिकीत राहील. बिस्किटाचा पुडा आणायचा नाही. चिकन उकडून, हरभऱ्याएवढे तुकडे करून, कमरेच्या कापडी पिशवीत. आवाज न करता एका हातानं काढता आले पाहिजेत. तिला सकाळी थोडं खायला घालून आण. सहाला मैदानाच्या मागच्या फाटकाशी ये, गाडीवाला यायच्या आत. लांब दोरी मी आणते. हाक एकदाच मारायची, आणि ती वळली की वळल्या क्षणी 'शाब्बास', आली की तुकडा, तुझ्या पायांशी, लगेच. सात वाजता गाडीवाला चूल पेटवेल. तेव्हा आपण शंभर पावलं लांब उभे राहू, दुसऱ्या दिवशी नव्वद.

पट्टा इकडे दे. तो माझ्याकडे राहील. आणि आत्ता तिच्यासमोर उकिडवा बस, हाक मारू नकोस, हात उघडा ठेव. बघ, येते का.