मोडलेला कान

वस्ताद : बाई, ह्यात तपासायचं काय? कान मोडलाय. आता पोरगं पैलवान झालं म्हणायचं.

डॉक्टर : मोडला हे तुम्ही सूज बघून ठरवलंत. सूज कशाची, ते मला अजून बघायचंय.

वस्ताद : कुस्तीतली सूज, आणि कशाची?

डॉक्टर : कान घासला, दाबला गेला की कूर्चा, म्हणजे कानाचं हे मऊ हाड, आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती त्या आवरणाच्या जिवावर जगते. आवरण सुटलं की ती मरते आणि तिथे वेडीवाकडी, टणक गाठ धरते. तुमचा मोडलेला कान तो हा. पण हा पोरगा कानाला बोट लावू देत नाही. कान लाल आहे, तापलाय. आवरणाला जंतूंची लागण झाली असेल, तरीही कान असाच दिसतो.

वस्ताद : आमची माती ताक, हळद, तेल घालून मळलेली. तिच्यात कसलं जंतू?

डॉक्टर : माती नसेलही. नखाचा ओरखडा पुरतो. नळीत केसतोड झालं असेल, तर कान नुसता ओढला तरी कळ जाते. मधला कान पिकून मागचं हाड सुजलं असेल, कान पुढे ढकलला गेला असेल, तर मी याला आत्ताच मोठ्या दवाखान्यात धाडेन.

वस्ताद : तालमीत असं कुणी इचारत न्हाई. कान सुजला की पाठीवर थाप पडती.

डॉक्टर : थाप पडल्यावर पोरगं दुखतंय म्हणून सांगेल का?

वस्ताद : आणि बायका वरच्या कानात बुगडी घालत्यात, बापय भिकबाळी. ती शोभा, आणि आमचा तेवढा रोग व्हय?

डाव बिनतोड होता. वरचा कान टोचून घेताना दवाखाना कुणाला आठवतो? पू तर तिथेही होतो.

डॉक्टर : माझी बुगडीला हरकत नाही, वाकड्या कानालाही नाही. नुसतं रक्त असेल तर आठवड्याच्या आत काढून, दाबून पट्टी बांधता येते. मग काही दिवस कुस्ती बंद, नाहीतर पुन्हा भरतं. त्याला कान मोडकाच हवा असेल, तर अठरा पूर्ण झालेल्याला मी कोण अडवणार? पू असला तर मात्र औषध आजच सुरू. पुवानं कूर्चाच सडते.

वस्ताद : त्याला काय पायजे त्ये मी सांगतो की. जत्रंचं मैदान तोंडावर आलंय.

डॉक्टर : हे तुम्हाला हवंय. त्याला?

वस्ताद : पोरगं माझ्या शब्दाबाहेर न्हाई.

डॉक्टर : म्हणूनच तुम्ही जरा बाहेर बसा.