धुके, धूर आणि दोन सूर्य

खडकीच्या छावणीत ज्या ‘बॉम्बे सॅपर्स’चे ठाणे आहे, त्यांच्या पूर्वपरंपरेतील मुंबई इंजिनिअर्सच्या एका हुद्देदाराने, कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब याने, १८४२ साली पुण्यात खासगी वेधशाळा थाटून जोडताऱ्यांच्या नोंदी करावयास आरंभ केला होता, हे त्या फाटकावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणास ठाऊक असेल. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख असताना, १८५५ साली, त्याने भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याविषयी असे प्रतिपादले की, सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती फेरी पुरी करणारे हे दोन सूर्य गणिताने आखलेल्या वाटेवरून किंचित ढळतात, त्यावरून तेथे एखादा अदृश्य ग्रह असावा हे फार संभवनीय होय.

तो ग्रह आजतागायत कोणास सापडलेला नाही. ज्याला जेकबने ग्रहाची ओढ मानले, तो मोजणीतला दोष होता.

परंतु २०११ साली केप्लर दुर्बिणीच्या वेधांतून केप्लर-१६ या जोडीचा ग्रह उघडकीस आला: ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन सूर्यांना तो सुमारे २२९ दिवसांत प्रदक्षिणा घालतो, आणि तेथे सायंसंध्येचे अर्घ्य कोणत्या सूर्यास्ताला द्यावे, हा प्रश्न आमच्या याज्ञिकांनी खुशाल सोडवावा.

खोट्या पुराव्यावरून खरा निष्कर्ष निघण्याच्या याच जातीच्या पेचात बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ श्रीहर्षाने नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना, पकडले होते. पर्वतावरचे धुके कोणी धूर समजला, त्यावरून तेथे अग्नी आहे असे अनुमान त्याने केले, आणि योगायोगाने तेथे अग्नी खरोखरच निघाला. तर त्याला ज्ञान झाले म्हणावे काय? जेकबचा अग्नी त्याच्या पर्वतावर नव्हे, दुसऱ्याच पर्वतावर निघाला, एवढा भेद मात्र मान्य केला पाहिजे. मला विचाराल तर त्याला ज्ञान झाले नाही; पण त्याचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, खोटा ठरला त्या दिवशी जोडसूर्यांच्या मुलखात ग्रह नाहीत असेही सिद्ध झाले नव्हते, आणि हे भान आस्तिक व नास्तिक दोघांनाही राहत नाही. मूल तापातून उठले म्हणून नवस फेडणारी माउली काकतालीय योगायोगाला प्रमाण मानते खरी. तथापि तिचा दाखला नामंजूर केला की ईश्वराचा खटलाच निकालात निघाला, असे मानणारा सुधारकही दुसरे धुकेच हाती धरून बसलेला असतो.

जेकब १८६२ च्या ऑगस्टमध्ये नव्या वेधशाळेच्या इराद्याने, नऊ इंची भिंग घेऊन मुंबईस उतरला आणि पुण्यास पोहोचताच १६ तारखेला वारला. त्या महिन्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी भुजंगधारी पुण्याच्या माथ्यावर असतो. दिसत मात्र नाही, कारण श्रावणाचे ढग आड येतात.