कालवणातले केळे

एका घराच्या आशीर्वादानंतर आम्ही त्या कुटुंबासोबत जेवावयास बसलो होतो. दूरच्या धर्मग्रामातून नव्याने आलेल्या सूनबाईंनी पिकलेले केळे सोलले आणि सरंग्याचे कालवण घेतलेल्या भातात ते कुस्करले. क्षणभर शांतता पसरली. मग ‘अगं, ही शिकरण नव्हे!’ असे कोणी म्हणाले आणि सारी पंगत हसली. सूनबाईंनी उरलेले केळे हळूच बाजूला सारले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

वास्तविक हसण्याजोगे त्यात काय होते? कैरीला तिखटमीठ लावून खाणारे आणि आमरसावर मिरपूड घेणारे त्याच पंगतीत होते. जिच्यावाचून आमचे कालवण होत नाही ती मिरची तर मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती या किनाऱ्यावर आली. पहिल्यांदा ती हंडीत टाकणाऱ्या गृहिणीकडे शेजारणींनी कोणत्या नजरेने पाहिले असेल?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रुचीविषयी एक मार्मिक भेद केला आहे. एखादे मद्य रुचकर आहे असे कोणी म्हटले आणि ‘तुला रुचकर आहे असे म्हण’ अशी दुरुस्ती दुसऱ्याने सुचवली, तर तो ती मुकाट्याने मान्य करतो. सौंदर्याच्या बाबतीत मात्र इतरांनीही आपल्याशी सहमत व्हावे अशी माणसाची अपेक्षा असते. सेमिनरीत हे आम्ही शिकलो, परीक्षेत लिहिलेही. पंगतीत नेमके आठवले नाही.

शिवाय रुची ही सर्वस्वी आपण निवडलेली नसते. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ज्या मातांनी गाजराचा रस घेतला होता, त्यांची बाळे पुढे गाजराच्या चवीची लापशी खाताना कमी नाक मुरडत असल्याचे आढळले. जिभेला वळण आईच्या उदरातच लागू लागते. मग ताटाला हसणारा नकळत कोणाच्या आईला हसतो, याचा विचार करावा.

तर मग जीभ नीतीच्या कक्षेबाहेरच राहिली काय? तसेही नाही. पोप संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तेच स्वीकारले: अवेळी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे, प्रमाणाबाहेर खाणे, हपापून खाणे आणि अन्न कसे रांधावे याविषयी फाजील चोखंदळपणा करणे. कालवणात केळे कुस्करणे यांपैकी कशात बसते, हे आम्ही बरेच शोधले. ते कशातच बसेना. पाचव्या प्रकारापाशी मात्र आम्ही अंमळ रेंगाळलो, कारण तेथे आम्हाला आमचीच पंगत दिसू लागली.

ईस्टरनंतर पुन्हा त्या घरी जाणे झाले. आम्ही भात-कालवणाबरोबर केळे मागून घेतले आणि कुस्करून खाल्ले. खरे सांगावयाचे तर आम्हाला ते मुळीच रुचले नाही, आणि ते चेहऱ्यावर दिसलेही असावे.

‘केळं जरा कच्चं होतं, फादर,’ असे म्हणून सूनबाईंनी दुसरे सोलावयास घेतले.