गुणांचे मोल

मुलांनी चांगले गुण मिळवावेत म्हणून त्यांना पैसे द्यावेत काय? निकालाचे दिवस आले की हा प्रश्न घरोघरी निघतो. ‘नव्वद टक्के मिळव, सायकल घेऊन देतो,’ असे म्हणणाऱ्या बापाचा हेतू वाईट नसतो. म्हणून त्याला बोल लावण्यापूर्वी अनुभव काय सांगतो, ते पाहणे आम्हांला योग्य वाटते.

अमेरिकेत रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने दोनशेहून अधिक शाळांत असे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क व शिकागो येथे गुणांसाठी पैसे दिले. प्रगती दिसली नाही. गुण कसे वाढवाल, असे विचारता मुले प्रश्न नीट वाचण्याविषयी बोलत. अधिक अभ्यास करू, शिक्षकांना विचारू, असे त्यांना सुचत नसे. हाव होती, वाट ठाऊक नव्हती. डॅलस येथे दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले. तेथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांची वाचनाची समज काहीशी वाढली. गुण मुलाच्या हाती नसतात; पुस्तक मात्र हाती असते.

दुसरा प्रयोग १९७३ सालचा, लेपर, ग्रीन आणि निसबेट यांचा. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल केले. पुढे त्यांची गोडी ओसरली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची गोडी टिकून राहिली.

येथेच मजुरी आणि भेट यांतील भेद उघड होतो. मजुरी ठरवून घ्यायची असते. भेट मायेपोटी मिळते. घरात मजुरीचा हिशेब शिरला की मूल विचारू लागते, ‘याचे मला काय मिळणार?’

आणि ज्या घरी दोन भावंडे आहेत तेथे काय? थोरल्याला सहज पंच्याऐंशी टक्के मिळतात. धाकटी रात्री जागून पंचावन्नावर येते. सायकल थोरल्याला मिळाली, तर धाकटीने काय समजावे? कष्टांना मोल नाही, हेच ना?

आम्ही पालकांना एवढेच सुचवू: अट घालू नका. मुलाजवळ बसा, त्याची वही पाहा, कोठे अडते ते विचारा. वर्ष सरल्यावर दोघांनाही आनंदाने काही द्या. गुण गुणपत्रिकेत राहतात. आपण जवळ बसलो होतो, ही आठवण मुलाच्या मनात राहते.