परक्या शिध्यावरचे आतिथ्य

विद्यापीठाच्या निधीतून पाहुण्यांना जेवू घालावे की नाही, हा प्रश्न हिशेबनिसाचा आहे असे समजून सुज्ञ लोक त्याकडे पाठ फिरवितात. वस्तुतः तो धर्माधर्माचा प्रश्न आहे. अतिथीस देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात कोणाला केला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला. म्हणजे ज्याची स्वतःची चूल व स्वतःचे कोठार आता होणार आहे त्याला. मग ज्या कुलगुरूचे वा कुलसचिवाचे कोठार स्वतःचे नाही, त्याने यजमानपद कोणत्या नात्याने मिरवावे?

नवी मुंबईसाठी ज्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांपैकी कामोठे हे एक. तेथील महात्मा गांधी मिशनच्या आरोग्यविज्ञान संस्थेला २००६ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या हिशेबाविषयी मला काहीच म्हणावयाचे नाही. केवळ नावावरून एक गोष्ट आठवली. १९०१ साली गांधीजी नाताळहून स्वदेशी निघाले, तेव्हा लोकांनी प्रेमाने दिलेले दागिने त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केले. कस्तुरबांनी पुष्कळ विरोध केला. (तो अगदीच गैरवाजवी होता असे मला वाटत नाही, सोन्याचा हार त्यांना मिळालेला होता.) सेवेपोटी मिळालेले ते सेवेचे, ही गांधीजींची दृष्टी. तिच्यापुढे सार्वजनिक पैशाच्या मेजवानीचे समर्थन करणे कठीण आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत, जिची स्थापना १९१९ ची, वसतिगृहातील मुलांसाठी ‘मुष्टिफंड’ असे. घरोघरच्या बाया रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवीत. असे धान्य शिजविणाऱ्याला देणारीचा हात दिसतो. शुल्काचे तसे नाही. कोणा बापाने कर्ज काढून भरलेली रक्कम एकदा खात्यात जमा झाली की ती कोणाचीच राहत नाही, आणि जे कोणाचेच नाही ते खर्चताना मन कचरत नाही.

म्हणून नियम हवेत: पूर्वमंजुरी, पाहुण्यांची यादी, पानामागे दराची मर्यादा. परंतु हे नियम दराकडे पाहतात, दिशेकडे पाहत नाहीत. तोंडी परीक्षेसाठी दूरच्या गावाहून आलेल्या परीक्षकाला दुपारी उपाशी ठेवणे ही काटकसर नव्हे, तो निव्वळ कद्रूपणा होय. तीन पेले चहासाठी तीन सह्या मागणारे कार्यालयही मला आदर्श वाटत नाही. उलट ज्याच्या शेऱ्यावर संस्थेचे भवितव्य अवलंबून आहे, त्या तपासनिसापुढे ठेवलेले ताट मर्यादेतले असले तरी शंकास्पदच. एका पाहुण्यामागे पाच यजमान पंक्तीला बसतात, त्याचे काय, हेही कोणी विचारीत नाही.

मला एकच नियम सुचतो. कोण जेवले, कशासाठी जेवले व किती खर्च झाला, याची यादी दर महिन्यास शुल्क भरण्याच्या खिडकीशेजारी लावावी. यात पाहुण्याचा अवमान होतो, असा आक्षेप निघेल. तो खरा मानला तरी ज्याला आपले नाव तेथे नको असेल, त्याने घरून डबा आणावा. त्याला कोणी अडविलेले नाही.