अवयवी आणि बदललेला ॲक्सल

अवयव बदलत गेले तरी वस्तू तीच राहते काय, आणि अवयवांहून निराळी अशी वस्तू मुळात असते काय, हे दोन प्रश्न एकमेकांत सहज मिसळतात. परंतु दुर्गम वाटांसाठी चारही चाकांना जोर पुरवणाऱ्या ट्रकची ड्राइव्हट्रेन, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारी गिअर, दांडे आणि सांधे यांची साखळी, जेव्हा टप्प्याटप्प्याने बदलली जाते, तेव्हा त्यांची उत्तरेही निराळी असल्याचे दिसते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. राजा प्रत्येक वेळी नकार देतो, आणि ‘रथ’ ही प्रज्ञप्ती, म्हणजे अवयवांच्या आधाराने व्यवहारापुरते दिलेले नाव, ठरते. न्यायदर्शनाला हे मान्य नाही. अवयवी, म्हणजे अवयवांत राहूनही त्यांच्याहून भिन्न असलेले संपूर्ण द्रव्य, खरोखर असते, कारण एक भाग ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, असे न्यायसूत्रांचे म्हणणे आहे. एवढा पुरावा पुरेसा नाही, हे भाष्यकार वात्स्यायनालाही जाणवले होते; लाखेने सांधलेले गवत आणि लाकूडही एकत्रच ओढले जाते, पण त्यातून नवे द्रव्य उत्पन्न होत नाही.

ट्रकमध्ये याहून बळकट पुरावा सापडतो. अमेरिकेत 1979 ते 1985 या काळात विकल्या गेलेल्या, पुढेही अखंड ॲक्सल असलेल्या टोयोटा पिकअपला सुमारे 28 इंचांच्या जागी 35 इंचांचे टायर बसवले, तर चाकाचा जमिनीवरचा जोर एक पंचमांशाने घटतो. तो भरून काढण्यासाठी डिफरन्शियलमधील, म्हणजे ॲक्सलवरचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतील, क्राउन-पिनियन या गिअर-जोडीचे गुणोत्तर 4.10 वरून 5.29 पर्यंत न्यावे लागते, आणि ते पुढे-मागे सारखेच ठेवावे लागते, नाहीतर कठीण जमिनीवर दोन्ही ॲक्सल परस्परांविरुद्ध ओढू लागतात. त्यात खडकांवरून संथ चढण्यासाठी 2.28 गुणोत्तराचा ट्रान्सफर केस दुहेरी केला, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वाटणाऱ्या पेटीला तशीच दुसरी जोड दिली, की तेथील गुणाकार 5.2 च्या जवळ जातो, आणि चाक पूर्ण वळलेले असताना पुढचा बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळत्या चाकालाही फिरते ठेवणारा सांधा, फुटू लागतो. तो क्रोमोली या अधिक कणखर पोलादाचा बसवला, तर ताण पुढच्या दुबळ्या जागेकडे सरकतो.

जो सांधा काल पुरेसा होता तो आज अपुरा ठरला, आणि त्याच्या धातूत तर काहीच बदल झालेला नव्हता. बौद्ध पक्ष येथे परस्परसापेक्ष हेतु-प्रत्ययांचे, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कारणांचे, उत्तर देईल, आणि ते हलके नाही. तरीही पुरेसेपणा हा धर्म, म्हणजे गुणविशेष, कोणत्याही एका भागाचा नसून जुळणीचा आहे, आणि धर्माला आश्रय लागतो हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, तत्त्व मानले, तर तो आश्रय म्हणजेच अवयवी होय. एका क्षणी हा ट्रक एक आहे, या मुद्द्यावर न्यायाचा पक्ष अधिक सबळ आहे.

काळाच्या ओघातील एकतेविषयी मात्र न्याय-वैशेषिक परंपरा स्वतःच कठोर आहे. वस्त्रातून एक धागा निघाला की जुने वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ हे नवे वस्त्र उत्पन्न होते, असे ती मानते. ‘तेच हे’ ही ओळख केवळ साम्यावर उभी असते. या न्यायाने प्रत्येक नव्या ॲक्सलबरोबर नवा ट्रक जन्माला येतो, आणि चॅसिसवर कोरलेला क्रमांक, ज्याच्या आधारे कायदा त्याला जुनाच मानतो, ही निव्वळ प्रज्ञप्ती ठरते. माणसाच्या बाबतीत नैयायिकांनी स्थिर आत्म्याचा पक्ष स्मृतीच्या आधारे मांडला. ट्रकला स्मृती नाही, त्यामुळे काळाच्या ओघातील एकतेच्या प्रश्नापुरता, आणि यंत्रापुरता, नागसेनाचा निर्णय मान्य करावा लागतो.